कुमुदबाईंचा चुकलेला शेरा

कुमुदबाईंसमोर 'आत्मविश्वास' हा शब्द उच्चारायचा असेल, तर आधी पळायला वाट आहे का ते बघून ठेवावं. हे मी अनुभवाने सांगतो. बाई माझ्या शेजारी राहतात, आणि त्याआधी अठ्ठावीस वर्षं आम्ही एकाच हायस्कूलात होतो. त्या मराठी शिकवायच्या, मी ऑफिसात कारकून होतो.

गेल्या वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभाला मुंबईहून एक पाहुणे आले होते. भाषण रंगात आलं तसे ते म्हणाले, "कोकणातल्या मुलांकडे सगळं आहे. फक्त आत्मविश्वास नाही!"

टाळ्या पडायच्या आत तिसऱ्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या. "क्षमा करा. नेमकं काय नाही म्हणालात?"

"आत्मविश्वास हो. कॉन्फिडन्स."

"ते भाषांतर झालं. मी अर्थ विचारला."

पाहुणे हसले. "म्हणजे मुलांनी चारचौघांत न लाजता बोललं पाहिजे."

"तो धीटपणा."

"मोठी स्वप्नं बघितली पाहिजेत."

"ती महत्त्वाकांक्षा."

"मागचापुढचा विचार न करता उडी घेतली पाहिजे!"

"ते धाडस. कधीकधी नुसता मूर्खपणा."

पाहुण्यांनी पाणी मागितलं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणा करायला लागले, जणू बाईंचं बटण माझ्या खिशात आहे.

माझ्या मुलीला सावंतवाडीचं स्थळ सांगून आलं तेव्हाही तेच. मध्यस्थ म्हणाला, मुलगा फार आत्मविश्वासू आहे. बाई सहज म्हणून साखर मागायला आल्या होत्या, त्या वाटी हातात घेऊन खाली बसल्याच. "म्हणजे कसा? पोहता येतं म्हणून पाण्यात उतरतो, की उतरल्यावर बघू म्हणतो?" "शब्द तपासून घ्या," असं म्हणून बाई साखर घेऊन गेल्या. 'शब्द तपासून घ्या' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाला 'ताजी' म्हणाला, डॉक्टर 'किरकोळ' म्हणाला, की बाई एवढंच बोलतात आणि समोरचा माणूस आपोआप खरं बोलायला लागतो.

पण एक सांगायला हवं. तीनेक वर्षांपूर्वीपर्यंत खुद्द बाईच हा शब्द मुठीमुठीने वाटत होत्या. फरक पडला तो देवबागला.

आम्ही सात निवृत्त माणसं दिवाळीनंतर तिथे सहलीला गेलो होतो. खाडी समुद्राला मिळते तिथवर होडीतून फिरवून आणतात, त्या होडीत बसलो. होडी चालवणारी बाई होती, चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधलेली, कोणाशी एक अक्षर न बोलणारी. मुखाजवळ पोचलो आणि इंजिन बंद पडलं. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू लाटा फुटत होत्या त्या बाजूला ओढली जायला लागली.

आमच्यात पीटीचे सर होते. त्यांनी तीस वर्षं पोरांना 'छाती पुढे, मान वर' शिकवलं. ते फळीला दोन्ही हातांनी धरून रामरक्षा म्हणायला लागले. मधल्या दोन ओळी गाळल्या, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कोणी उभ्या ऱ्हवा नको," ती बाई म्हणाली. तिने लांब बांबू उचलला, एका जागी बरोबर वाळूत रोवला आणि अंगाचा भार टाकून होडी आडवी धरली. मग आमच्यातल्या धडधाकट अशा एकाला, म्हणजे मला, बांबू धरायला लावून ती इंजिनाकडे वळली. नळी काढली, तोंडाने फुंकली, परत बसवली. दोरी ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

"तुला भीती नाही वाटली?" कुमुदबाईंनी विचारलं.

"भिया कित्याक? हंय पाणी किती ता माका म्हायत आसा." मग ती बाईंकडे बघून पहिल्यांदाच हसली. "माका वळाखलास काय बाई? मी चंद्रकला. आठवी ब. खिडकीकडचो बाक माझो."

बाईंनी पुढे वाकून तिचा चेहरा नीट बघितला. "चंद्रकला? तू तर वर्गात तोंडसुद्धा उघडत नव्हतीस!"

"वर्गात होडी खंय होती, बाई?"

आम्ही सगळे हसलो. रामरक्षावाले सर सगळ्यात मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत.

"शाळा का सोडलीस गं?"

चंद्रकलेच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता, गंमतच होती. "तुमी माझ्या प्रगतिपुस्तकात लिवलास, 'आत्मविश्वासाचा अभाव'. बापाशीन माका वाचूक सांगल्यान. तेका वाटला, अभाव म्हणजे कसलो तरी आजार. आवस म्हणाली, शाळेत जावन आजार होता, तर जाव नको."

"म्हणजे माझ्या शेऱ्यामुळे...?"

"तसा नाय ओ. घराक होडयेर माणूस व्हयो होतो. तुमच्या शेऱ्यान तेंका कारण गावला." आणि होडी किनाऱ्याकडे वळवता वळवता ती सहज बोलून गेली, "तेव्हा पण शाळेत येवच्या टायमाक खाडयेतसून होडी मीच वल्हयत होतंय. एकटीच."

होडीतून उतरल्यावर बाई धक्क्यावर चंद्रकलेशी काहीतरी बोलत मागे राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना त्या आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभ्या.

"परब, मी तीस वर्षं एक शब्द न तपासता वापरला."

मी चूळ भरली. एवढ्या सकाळी याच्यावर काय बोलायचं?

"जी मुलं वर्गात बोलत नव्हती, त्यांच्यापुढे मी तो शेरा लिहीत गेले. वर्गातलं एक मूल रोज एकटं खाडी ओलांडून येतं, हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नाही कधी." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. बाई आपल्या शेऱ्यांची नक्कल स्वतःकडे ठेवायच्या. रात्रभर बसून त्यांनी जुन्या वह्या चाळल्या होत्या. "त्रेचाळीस नावं आहेत. चंद्रकलेचं पुस्तक पावसात गेलं, तिला मी काल धक्क्यावर तोंडी सांगितलं. बेचाळीस राहिली. प्रत्येकाच्या घरी जायचं, शेरा तपासायचा, चुकीचा असेल तर कापून खाली सही करायची."

"बाई, ती पोरं आता पोटं सुटलेली माणसं झाली."

"म्हणूनच घाई आहे."

मी कशाला हवा होतो? तर शाळा सोडल्याचे दाखले माझ्या हातचे. कोण कुठे गेलं, कोणाचं लग्न कुठे झालं, हे मला पाठ. म्हणून मी 'पत्ते विभाग'. बायको म्हणाली, "रिटायर झाल्यार लोक काशीक जातत. तुमी दुरुस्तेक चललास!"

पहिलं घर जवळचंच निघालं. रमाकांत. नववीत असताना फळ्याजवळ बोलावलं की याला घाम फुटायचा. आता कंत्राटदार आहे. ऑफिसच्या भिंतीवर त्याचेच सहा फोटो होते, सातवाही त्याचाच असं मला वाटलं. जवळून बघितलं तेव्हा त्यात मीच दिसलो, तो आरसा होता.

"बाई, आज माका विचारल्याशिवाय तालुक्यात पान हलना नाय!" हे वाक्य त्याने अर्ध्या तासात चार वेळा वेगवेगळ्या पानांविषयी सांगितलं. मधे फोन आला. तो उठून दाराबाहेर गेला आणि अगदी बारीक आवाजात "होय साहेब, चुकी झाली साहेब" म्हणून परत आला. आल्यावर आवाज आणखी वाढला.

बाईंनी विचारलं, "रमाकांत, तू केलेला वाडीवरचा रस्ता दर पावसात वाहून का जातो रे?"

पावसाचा जोर, इंजिनियर, खडीवाला, वाडीवाल्यांची गुरं, जमिनीचा उतार आणि विरोधक, असं सगळं झालं. तो स्वतः कुठे आला नाही. मग त्याने कपाटातून प्रगतिपुस्तक काढलं. "कापा बाई तो शेरो. फोटो काढूया, आजच टाकतंय फेसबुकार!"

बाईंनी शेरा वाचला. लाल पेन उघडलं. मग त्याचं टोपण परत लावलं.

"हा शेरा राहील, रमाकांत. तेव्हा मी घाईत लिहिला होता. आज तपासून बघितला."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, चहा तरी पिऊन मग बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "ज्याला स्वतःची खात्री असते, त्याला ती दर पाच मिनिटांनी दुसऱ्याकडून वाजवून घ्यावी लागत नाही. आणि आपल्या माणसांत 'माझं चुकलं' म्हणायला तो घाबरत नाही. हा फक्त साहेबाला म्हणतो."

दुसरी फेरी आंबोलीची. सुनंदा तिकडे दिलेली. घाटात वळणावर तिचं भजीचं दुकान. धुकं इतकं की आम्ही आधी शेजारच्या दुकानात जाऊन दुसऱ्याच बाईचा शेरा दुरुस्त करणार होतो. सुनंदा कढईसमोर बसली होती, पुढे कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांची रांग. बाईंनी येण्याचं कारण सांगितलं. तिने झारा न थांबवता ऐकून घेतलं.

"बाई, तुमी खोटा नाय लिवलास. तेव्हा माझ्याकडे नव्हतोच."

बाई चक्रावल्या. एवढ्या लांब येऊन शेरा बरोबर निघाला! "मग आता?"

"आता आसा. पण सगळ्याचो नाय. कढयेसमोर बसलंय की कोणी पण येवदे. बँकेत गेलंय की अजून सही करताना हात थरथरता."

"हा आला कुठून?"

सुनंदाने झाऱ्यावरचं तेल निथळलं. "पयल्या वर्साक भजी कच्ची ऱ्हवली, लोकांनी परत दिल्यांनी. दुसऱ्या वर्साक करपली. तिसऱ्या वर्साक बरी झाली. चवथ्या वर्साक माका समाजला, आता बरीच होतली."

बाई तिथल्या तिथे बाकावर बसून वहीत लिहायला लागल्या. मी डोकावलो. 'विषयवार असतो. आधी काम येतं, मागून तो येतो.' मग त्या उभ्या राहिल्या आणि वर्गात निकाल वाचावा तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, इयत्ता आठवी. जुना शेरा रद्द. नवा शेरा: भजीत पूर्ण, बँकेत अपुरा, प्रयत्न चालू!" गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदा पदरात तोंड लपवून हसली, आणि आम्हाला दोन प्लेटी जास्त मिळाल्या.

सगळीकडे असं गोड झालं नाही. एकजण आखातात आहे. त्याला फोन लावला. "मी कुमुदबाई बोलते. तुझ्या नववीच्या प्रगतिपुस्तकात एक चूक राहिली आहे, ती दुरुस्त करायची आहे," असं म्हटल्यावर पलीकडून आवाज आला, "ओटीपी मी सांगूचंय नाय!" आणि फोन बंद. बाईंनी त्याच्या नावापुढे लिहिलं: 'सावध आहे. हा वेगळा गुण.'

एका घरात सुनेने दारातूनच परत पाठवलं. एक पोरगी, म्हणजे आता दोन नातवंडांची आजी, शेरा आठवून रडली आणि मग बाईंना चांगली बोलली. "तुमच्यामुळे माका घरात सगळी 'अभाव' म्हणान हाक मारीत," म्हणाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सबब एकही सांगितली नाही. मग कापून सही केली. फेब्रुवारीत एस्टीच्या पायरीवरून घसरून त्यांचा गुडघा सुजला. चार दिवस हळद लावून बसल्या आणि पाचव्या दिवशी हातात काठी घेऊन माझ्या दारात हजर. "देवगड राहिलंय."

मी मात्र कंटाळलो होतो. खरं सांगायचं तर पोट बिघडलं होतं, कंबर दुखत होती, आणि बायकोचं बोलणं रोजचं झालं होतं. मार्चमध्ये वैभववाडीला निघालो तेव्हा मी ठरवलंच होतं, की आज परत येताना सांगून टाकायचं. बाई, आता पुढची तुमची तुम्ही बघा. कणकवलीला गाडी बदलली तेव्हापासून मी वाक्य मनात घोळवत होतो.

वैभववाडीत वसंत राहतो. मामाने दिलेल्या काजूच्या बागेत एकटाच. लग्न केलेलं नाही. फाट्यावर उतरून उन्हातून अर्धा तास चाललो. वसंत अंगणात ओले काजू सोलत बसला होता, हातांना चीक लागलेला. बाईंना बघितलं आणि उठून उभा राहिला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. पाणी आणलं, गूळ आणला.

बाईंनीच सुरुवात केली. "वसंत, तुझ्याबद्दल मी आठवीत एक चुकीचं वाक्य लिहिलं होतं. ते कापायला आले. पुस्तक आहे का रे?"

तो आत गेला. पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. खताच्या पिशवीच्या प्लास्टिकात गुंडाळलेलं प्रगतिपुस्तक त्याने आणून बाईंसमोर ठेवलं. पान लगेच उघडलं गेलं. बरेचदा उघडलेलं असावं. बाईंचं टपोरं अक्षर जसंच्या तसं होतं. 'शांत मुलगा. आत्मविश्वासाचा अभाव. हस्ताक्षर सुंदर.'

बाईंनी पेन उघडलं. वसंतने चिकाचा हात लुंगीला पुसला आणि पानावर आडवा ठेवला.

"नको, बाई."

"अरे, पण ते चुकीचं आहे."

"असांदे." मग तो म्हणाला, "सातबाऱ्यार माझा नाव आसा. रेशनकार्डार आसा. पण मी कसो आसंय, ता ह्या सोडून कोणी खंय लिवक नाय. तुमी माका बघून लिवलास." त्याने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि तिथून उचलून शेवटच्या शब्दांवर नेलं. "वाचताना मी ह्या वाचतंय आणि ह्या वाचतंय. मधला सोडून देतंय."

बाईंनी टोपण लावलं. पुस्तक परत प्लास्टिकात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "जेवायला काय केलंयस?"

ओल्या काजूगरांची उसळ आणि भात होता. तिघंही पोटभर जेवलो. निघताना वसंत फाट्यापर्यंत सोबत आला, माझ्या हातात काजूगरांची पुडी दिली, बाईंना वाकून नमस्कार केला आणि मागे न बघता निघून गेला.

फाट्यावर एका आंब्याच्या सावलीत आम्ही गाडीची वाट बघत बसलो. आता बोलायला हवं होतं. मी खाकरलो.

"परब," बाई म्हणाल्या, "आज त्याच्या अंगणात शिरताना माझे पाय लटपटत होते."

"ऊन होतं."

"ऊन नाही. प्रत्येक दारात लटपटतात. पहिल्या दिवसापासून. रमाकांतकडेसुद्धा."

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढी घरं आम्ही फिरलो होतो, दर वेळी त्या ताठ मानेने आत शिरत होत्या. "मला वाटलं, तुम्हाला पक्का आत्मविश्वास आहे."

"छे हो. कसला आत्मविश्वास? कोण काय म्हणेल, दार तरी उघडेल का, याची भीतीच असते. जायचं ठरवलं होतं, एवढंच. ते वेगळं." त्यांनी काठीचं टोक मातीत दाबलं. "तुम्ही पुढे होऊन कडी वाजवता म्हणून मी मागे उभी राहू शकते. एकदा तुम्ही आजारी होता तेव्हा मी एकटीच मालवणात एका दाराशी जाऊन परत आले. तुम्हाला सांगितलं नाही."

समोरून एक ट्रक गेला. त्यांनी पदराने धूळ झटकली.

"आणि घरी गेल्यावर तरी काय? सुनंदाच्या भजीचं, ओटीपीचं मी भिंतीला सांगायचं का? दिवसभरात काय झालं त्यावर हसायला दुसरं कोणीतरी लागतं." मग एकदम सरळ बसून म्हणाल्या, "एकोणीस घरं राहिलीत. तुमची कंबर दुखते ते मला दिसतंय. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. मी जाणार आहेच. वेळ लागेल, पण जाणार."

कणकवलीपासून घोळवलेलं माझं वाक्य कुठे गेलं ते मलाच कळलं नाही.

"पुढचं घर कोणाचं?" मी विचारलं.

बाईंनी वही काढली. "विजया. कुडाळजवळ. सव्वासातची गाडी आहे."

"साडेसहाला हाक मारतो."

बाईंनी चष्मा लावला, विजयाच्या नावासमोर 'साडेसहा, परब' असं लिहून घेतलं, आणि काजूगरांची पुडी माझ्या हातातून काढून आपल्या पिशवीत नीट ठेवली. म्हणाल्या, "वहिनींना सांगा, उसळ उद्या संध्याकाळी मी करून आणते."